धुऱ्यावरचे झाड आणि कुऱ्हाड

यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांचे तंटे बहुधा धुऱ्यावर उपजतात, आणि धुऱ्यावरचे झाड पडले म्हणजे ते हातघाईवर येतात. शेजाऱ्याच्या निंबाची सावली कपाशीवर पडते, बाभळीच्या मुळ्या तुरीच्या तासांत शिरतात, आणि एखाद्या दिवशी शेजारी बाजारास गेलेला पाहून कोणी ते झाड आडवे करतो. विचारले असता उत्तर ठरलेले असते: झाड माझ्याच हद्दीत होते. असेलही. परंतु झाड कोणाच्या हद्दीत होते हे ठरविण्याचा अधिकार कुऱ्हाडीस नाही. इतकेच नव्हे, तर ज्याची बाजू खरी असते तोही मोजणीपूर्वी झाड तोडून आपलाच दावा बिघडवितो; कारण हद्दीवरचे जुने झाड हा हद्दीचा मुका साक्षीदार असतो, आणि साक्षीदार नाहीसा करणाऱ्याकडे न्यायाधीश संशयाने पाहील यात नवल नाही.

फौजदारी कायदा या बाबतीत आमच्या बहुतेक बंधूंच्या समजुतीपेक्षा कडक आहे. सन १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीचा अर्थ समजाविण्यास जी उदाहरणे दिली होती, त्यांतील पहिलेच परक्याच्या जमिनीतील झाड तोडण्याचे होते. झाड जमिनीस जोडलेले आहे तोवर त्याची चोरी होऊ शकत नाही. पण लबाडीने नेण्याच्या हेतूने ते तोडून वेगळे केले की त्याच क्षणी चोरी पुरी होते, ओंडका गाडीवर चढो वा न चढो. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी हा नियम तिच्या कलम ३०३ मध्ये कायम असून शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. लाकूड न नेता केवळ द्वेषाने झाड पाडले तर कलम ३२४ चा आगळिकीचा गुन्हा होतो. तेथे नुकसान एक लाख रुपये किंवा अधिक भरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. झाड आपलेच आहे अशी प्रामाणिक समजूत असेल तर चोरीचा आरोप टिकत नाही, हे खरे. परंतु दिवाणी न्यायालयात ती समजूत कामी येत नाही. तेथे झाडाची भरपाई द्यावीच लागते, आणि तो दावा आणण्यास तीन वर्षांची मुदत असते.

ही भरपाई जळाऊ लाकडाच्या भावाने होईल असे कोणी समजू नये. आंबा वा मोह तोडला तर पुढील कित्येक वर्षांची फळे, फुले व बीही गेले, आणि त्याचा हिशेब मागता येतो. उलट, मागणाऱ्यानेही भलताच आकडा धरून बसू नये. आपल्याच पुसद तालुक्यात रेल्वेकरिता घेतलेल्या एका शेतातील जुने झाड रक्तचंदन समजले जाऊन त्याच्या मोबदल्याचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. रेल्वेस एक कोटी रुपये भरावे लागले. पुढे तज्ज्ञांनी तपासले तो झाड बिज्याचे निघाले, आणि किंमत काही हजारांवर आली.

सागाची गोष्ट याहून नाजूक आहे. शेतातील मालकीचा साग ठेकेदारास विकण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, बिजा, हळदू, तिवस, ऐन वगैरे झाडे सन १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत असल्याने स्वतःच्या शेतातीलही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अनुसूचित जमातीच्या खातेदाराच्या झाडांची विक्री तर सन १९६९ च्या निराळ्या कायद्याने बांधलेली आहे. ठेकेदाराने बांधावर उभे राहून रोख मोजली म्हणजे व्यवहार झाला, असे तेथे मुळीच नाही. परवाना हाती आला की चारी धुऱ्यांवरचे झाड आपले झाले, असा कित्येकांचा ग्रह असतो. परवाना सरकारची हरकत दूर करतो, शेजाऱ्याची मालकी नव्हे. आणि ठेकेदाराचे मजूर तर जाड खोड पाहतात, सात-बारा पाहत नाहीत.

तर मग ज्याचे पीक सावलीने मरते त्याने काय करावे? त्याची तक्रार खोटी नाही, आणि निंबाच्या छायेतील कपाशी ज्याने वेचली आहे त्यास ती समजावून सांगणे नको. आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या आपल्या जमिनीवर उभे राहून हद्दीपर्यंत छाटाव्या. इंग्लंडच्या सरदारसभेने लेमन विरुद्ध वेब या खटल्यात १८९४ मध्ये हा हक्क मान्य केला, आणि आपली न्यायालयेही त्याच तत्त्वाने चालतात. मुळ्यांकरिता आपल्या बाजूने चर खणावा. छाटलेली फांदी व तिचे फळ मात्र झाडाच्या धन्याचे. ते त्याच्या बांधावर ठेवून द्यावे. खोड नेमके हद्दीवर असेल तर झाड दोघांचे समजावे व दोघांच्या संमतीविना त्यास हात लावू नये. छाटण्यापूर्वी शेजाऱ्यास चार दिवस आधी सांगणे कायद्याने सक्तीचे नसले, तरी गावात राहावयाचे आहे.

हद्दीचाच वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून शेजाऱ्यासमक्ष खुणा कायम करून घ्याव्या. मोजणीस विलंब लागतो हे आम्ही जाणतो. तोवर झाड पडण्याचे भय असेल तर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळविता येतो. झाड पडलेच, तर बुंधा व ओंडके हलवू न देता त्याच दिवशी पंचनामा करवावा, बुंध्याचा घेर मोजून ठेवावा, आणि छायाचित्रे घ्यावी. साग विकणाऱ्यांनी ठेकेदाराशी लेखी करार करताना झाडांवर क्रमांक घालून त्यांची यादी जोडावी व तिजवर चतुःसीमेच्या शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्या. ज्या शेजाऱ्याने सही नाकारली, त्याच्या धुऱ्यावरची झाडे मोजणी होईपर्यंत यादीतून वगळावी.