दगडीपाला गुणी, पण प्रतिजैविक नव्हे



वनौषधींविषयीचे गेल्या आठवड्यातील पत्र वाचले. बालाघाटच्या डोंगरात सापडणाऱ्या वनस्पतींच्या अर्काने जिवाणू मरतात, मग धाराशिवकरांनी प्रतिजैविकांच्या गोळ्या घ्याव्यातच कशाला, असा पत्रलेखकांचा सवाल आहे. अर्काचा गुण मान्य. निष्कर्ष घातक आहे.

प्रयोगशाळेत आगरच्या थाळीवर जिवाणू वाढवतात आणि त्यातल्या खळग्यात अर्क घालतात. भोवती जिवाणूविरहित वर्तुळ दिसले की गुण दिसला. पण हा अर्क बहुधा मेथॅनॉल किंवा इथेनॉलमध्ये काढलेला असतो. घरच्या काढ्यात तेच घटक तितकेच उतरतील असे नाही. पोटात गेल्यावर त्यातले रक्तात किती पोहोचते, हेही थाळी सांगत नाही. हळदीतले कर्क्युमिन थाळीवर परिणाम दाखवते, शरीरात मात्र फारच कमी शोषले जाते. ई. कोलायसारख्या जिवाणूंचे बाहेरचे आवरण तर अनेक अर्कांना दाद देत नाही.

खुरपे लागले की दगडीपाल्याचा रस पिळायची आपल्या शिवारातली पद्धत जुनी आहे, आणि ती मला मोलाची वाटते. म्हणूनच तिचा नीट अभ्यास हवा. चीनच्या तू योयो यांनी दवण्याच्या भाऊबंद वनस्पतीतून आर्टेमिसिनिन वेगळे काढले, तपासले, मगच ते हिवतापाचे औषध ठरले. त्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले.

वाचकांना कळकळीची विनंती : माती लागलेली जखम आधी स्वच्छ पाण्याने धुवा, धनुर्वाताच्या लशीसाठी आरोग्य केंद्र गाठा आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या काढ्याच्या भरवशावर मध्येच सोडू नका.

– एक वाचक, तुळजापूर