लायब्ररी जोडली, पण आत गेली का?

एम्बेडेड टीममध्ये सी कोडचा रिव्ह्यू अगदी कसून होतो. कंस कुठे द्यायचा यावरून अर्धा तास वाद! पण मेकफाइलमधल्या लिंकरच्या ओळीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. जुन्या प्रोजेक्टमधून उचलली, चिकटवली, बिल्ड झालं, चला घरी. माझं मत विचाराल तर ती ओळसुद्धा कोडच आहे. उलट तिथली चूक जास्त महाग पडते, कारण ती कंपायलर सांगत नाही. ती थेट डिव्हाइस सांगतं, आणि तेही बऱ्याचदा गिऱ्हाइकाकडे गेल्यावर.

मुळात स्टॅटिक लायब्ररी म्हणजे ऑब्जेक्ट फाइल्सचं गाठोडं. लिंकर ते आख्खं उचलत नाही. ज्या सिंबॉलची व्याख्या अजून सापडलेली नाही, तो ज्या फाइलमध्ये असेल तेवढीच फाइल काढून घेतो. हा कंजूषपणा चांगलाच आहे हो, ६४ केबी फ्लॅशमध्ये आपलं भागतं ते त्यामुळेच.

आता गंमत बघा. आर्म कॉर्टेक्स-एमच्या स्टार्टअप फाइलमध्ये इंटरप्ट हँडलर सहसा 'वीक' म्हणून आधीच दिलेले असतात आणि सगळे एकाच अनंत लूपकडे जातात. तुम्ही टायमरचा खरा हँडलर लिहून लायब्ररीत ठेवलात. पण लिंकरच्या लेखी त्या नावाची व्याख्या मिळालेली आहे, वीक का असेना. मग तो लायब्ररीत कशाला शोधेल? एरर नाही, वॉर्निंग नाही. पहिला इंटरप्ट आला की बोर्ड ठप्प.

याहून वाईट म्हणजे हे आज चालतं. कारण त्याच फाइलमधलं इनिशियलायझेशनचं फंक्शन कुणीतरी वापरत असतं, त्याच्याबरोबर हँडलरही आत येतो. सहा महिन्यांनी कुणी शहाणा ते फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये हलवतो आणि हँडलर गायब! आता शोधा.

मग कुणीतरी सुचवतं, 'होल-आर्काइव्ह' टाक. जीसीसीला 'डब्ल्यूएल' लावून हा ऑप्शन लिंकरकडे पोचवता येतो आणि आख्खी लायब्ररी आत येते. पण लायब्ररीच्या नावानंतर 'नो-होल-आर्काइव्ह' द्यायचं राहिलं, तर जीसीसी शेवटी स्वतःहून जोडतो त्या लायब्रऱ्यांनाही तोच नियम लागतो. म्हणजे दार उघडलं, लावायचं विसरलो.

लायब्रऱ्या एकत्र करतानाही तेच. दोन्ही गाठोडी 'एआर'ने एकाच फोल्डरमध्ये सोडायची आणि परत बांधायची, ही लोकप्रिय पद्धत. दोन्हीत एकाच नावाची ऑब्जेक्ट फाइल असेल तर दुसरी पहिलीला निमूटपणे खाऊन टाकते. त्यापेक्षा 'एआर'ची एमआरआय स्क्रिप्ट आणि तिची 'ॲडलिब' आज्ञा वापरा, दोन्ही फाइल्स शाबूत राहतात.

होल-आर्काइव्ह वाईट आहे असं मी म्हणत नाही. झेफर आरटीओएसच्या बिल्डमध्ये तो वापरतात, पण विचारपूर्वक, आणि नको ते सेक्शन नंतर काढून टाकतात. सीमेकमध्येही २०२२ सालच्या ३.२४ आवृत्तीपासून त्याची रीतसर सोय आहे. आक्षेप आहे तो 'टाकून बघू, चाललं तर चाललं' या वृत्तीवर.

माझ्या मते दोन गोष्टी पुरेत. एक, इंटरप्ट हँडलरची फाइल लायब्ररीत घालूच नका. ती ऑब्जेक्ट म्हणून थेट लिंक करा, प्रश्नच मिटला. दोन, प्रत्येक रिलीजआधी मॅप फाइल उघडा. कुठली ऑब्जेक्ट फाइल का आत आली, हे जीएनयू लिंकर तिथे नावानिशी लिहून ठेवतो. तुमचा हँडलर कुठल्या फाइलमधून आलाय ते शोधायला पाच मिनिटं लागतात.

कंसांच्या वादातून तेवढी पाच मिनिटं काढता येतील, नाही का?