रडारने भागत नाही

संपादक महोदय,

'रडार असताना विमानाने ढगांत शिरण्याची चैन कशाला?' हा आपल्या अंकातील लेखाचा सवाल चुकीच्या समजुतीवर उभा आहे. पावसाच्या रडारकडे परतणारा संकेत थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणून मोजके मोठे थेंब ठळक दिसतात. १०-२० मायक्रॉनचे असंख्य ढगकण जवळजवळ दिसतच नाहीत. पाऊस घडतो तो मात्र याच कणांतून.

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) २००९ मध्ये सुरू केलेल्या 'कायपीक्स' या ढगांच्या अभ्यासाच्या मोहिमेत विमानावर प्रकाशीय उपकरणे होती. एका प्रकारात लेसरमधून जाणारा कण पुढच्या दिशेने किती प्रकाश विखुरतो, यावरून त्याचे आकारमान कळते. दुसरा प्रकार कणाची सावली डायोडच्या रांगेवर टिपतो. सावली गोल असेल तर बहुधा पाणी, वेडीवाकडी असेल तर बर्फ. हिमकण उपकरणाच्या टोकांवर फुटून कणांचा आकडा फुगतो, ही लेखकाची एकमेव रास्त शंका. पण त्यासाठी टोकांची घडण बदलली गेली, आणि असे तुकडे नोंदींतून गाळलेही जातात.

महाराष्ट्राच्या ढगांत बर्फ कुठला, असेही विचारले आहे. पावसाळ्यात साधारण ५ किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जाते.

सोलापूरच्या २०१८-१९ च्या ढगबीजन (कृत्रिम पाऊस) प्रयोगातली पावसाची '४६ टक्के वाढ' काही ठिकाणांपुरती होती. १०० चौरस किलोमीटर क्षेत्रातील सरासरी १८ टक्के. लेखात पहिलाच आकडा दिला आहे.

बीजनायोग्य ढग कोणता, हे मोजल्याशिवाय कळत नाही. अशी मोजणी थांबवण्याची लेखातील मागणी दुष्काळी तालुक्यांच्या हिताची नाही.

एक वाचक,
पाषाण, पुणे