कोपऱ्यांतला गडी

गेल्या हिवाळ्यांत भंडाऱ्यास एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही चार दिवस राहिलों होतों. घर तीन भावांचें, एकत्र नांदणारें. वडीलधारे आजोबा निवृत्त शिक्षक. थोरल्या भावाचा मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून महाविद्यालयाच्या कबड्डी संघांत डावा कोपरा राखतो. पहिल्याच रात्रीं पानें वाढलीं असतां आजोबांनीं प्रश्न टाकला, "दोन वर्षें खेळलास, खांदा निखळवून घेतलास, ह्याचें पुढें काय?" मुलगा खालीं मान घालून जेवत राहिला. काकांपैकीं कोणी बोललें नाहीं. मग सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. त्या वेळीं आम्हांस जें नीट बोलतां आलें नाहीं, तें येथें लिहितों.

कबड्डींत टाळ्या मिळतात त्या चढाई करणाऱ्यास. तीस सेकंदांच्या एका चढाईंत तो दोन-तीन गडी बाद करून परततो, आणि त्याचें नांव मैदानभर होतें. कोपरा राखणारा मात्र सात जणांच्या रांगेंत अगदीं टोकाला उभा. चढाई करणारा निदान रेषा ओलांडून आंत शिरला, कीं त्याचा घोटा धरून अथवा मांडीस मिठी घालून त्याला खालीं आणणें हें ह्याचें काम. क्षणभर आधीं झेपावला तर स्वतः बाद; क्षणभर उशीर झाला तर सावज निसटलें. साध्या पकडीचा गुण एकच. शिवाय त्याच्या धाकानें जो त्या कोपऱ्याकडे फिरकलाच नाहीं, त्याची नोंद कोण ठेवणार?

असाच गडी अमेरिकेच्या फुटबॉलमध्येंही असतो. तेथील फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा, पायांनीं खेळण्याचा खेळ नव्हे. चेंडू हातांत घेऊन धावणें आणि धावणाऱ्यास पाडणें, हा त्याचा गाभा. बचावाच्या पहिल्या फळीमागें उभा राहून चेंडू कोणीकडे जाणार हें आधींच ओळखणारा जो गडी, त्याला तेथें लाइनबॅकर म्हणतात. ब्रँडन चिल्लर हा त्यांपैकीं एक. त्याचे वडील भारतीय. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून तो खेळला, २००४ सालीं सेंट लुइसच्या रॅम्स संघानें त्याला घेतलें, २००८ सालीं तो ग्रीन बेच्या पॅकर्स संघांत गेला. २०११ च्या फेब्रुवारींत पॅकर्सनीं अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां हा खांद्याच्या दुखापतीमुळें मैदानाबाहेर होता; त्याच वर्षीं, वयाच्या २८ व्या वर्षीं, संघानें त्याला मोकळें केलें. आणि हा तर भाग्यवान! तेथें महाविद्यालयांत फुटबॉल खेळणाऱ्या शंभरांतल्या दोघांसही धंदेवाईक संघांत जागा मिळत नाहीं.

आपल्याकडचा हिशेबही फारसा निराळा नाहीं. १९२३ सालीं स्थापन झालेल्या व आतां राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव लाभलेल्या नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रांत नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया असे चार जिल्हे. ह्या सर्वांतून विद्यापीठाचा कबड्डी संघ निवडावयाचा, आणि जागा अवघ्या १२. पुढें पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय स्पर्धा. आणि पंचविशी उलटली कीं तें दारही बंद. २०१४ सालीं प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून कांहीं गड्यांना मोठें मोल येऊं लागलें, हें खरें. २०२३ च्या लिलावांत पुणेरी पलटणनें इराणच्या मोहम्मदरेझा शादलुई ह्या पकडींत तरबेज गड्यासाठीं २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. परंतु त्या आंकड्याकडे पाहून घरच्या मुलास खेळावयास लावणें, म्हणजे सोडतीच्या तिकिटावर संसार मांडणें होय.

तेव्हां "पुढें काय?" ह्याचें प्रामाणिक उत्तर "बहुधा कांहीं नाहीं" हेंच आहे. पण म्हणून त्यानें खेळ सोडावा काय? आमच्या धाकट्या भावाला आम्हींच ह्या प्रश्नानें मैदानावरून परत आणलें होतें. तो पुढें चांगल्या हुद्द्यावर चढला. परंतु घरांत सामना लागला, कीं तो अजून उठून दुसऱ्या खोलींत जातो. चार वर्षांचें तें आयुष्य आम्ही त्याला परत देऊं शकत नाहीं.

घरानें विचारावयाचें तें निराळें आहे. खांदा पुरा बरा झाल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें काय? परीक्षेच्या व स्पर्धेच्या तारखा शेजारीं-शेजारीं लिहून ठेवल्या आहेत काय? प्रमाणपत्रें जपलीं आहेत काय? महाराष्ट्रांत शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के जागा खेळाडूंसाठीं राखीव आहेत. त्यांस ठराविक स्पर्धांतील प्राविण्य आणि प्रमाणपत्रांची पडताळणी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचें : घरांतील कोणी त्याचा एक तरी सामना पाहिला आहे काय?

निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्ही आजोबांना सामन्यास घेऊन गेलों व एवढेंच सांगितलें, कीं नजर चढाई करणाऱ्यावर न ठेवतां डाव्या कोपऱ्यावर ठेवा. संघ हरला. रात्रीं पानावर बसल्यावर आजोबांनीं विचारलें, "तो तुझ्याच बाजूला वळणार, हें तुला आधीं कसें कळलें रे?"

मुलानें चार दिवसांत प्रथमच मान वर केली. "आजोबा, पाय वळण्याआधीं खांदा वळतो."

मग ताटांतला भात निवेपर्यंत दोघे बोलत होते.