हॉटस्पॉट सुरू करताच नेट स्लो? दोष दरवेळी टॉवरचा नसतो

फुल रेंज असते, तरीही हॉटस्पॉट सुरू केला की नेट रखडतं आणि आपण कंपनीला दोष देऊन मोकळे होतो. पण कधी कधी भांडण फोनच्या आतच असतं. भारतात ४जीसाठी वापरला जाणारा बँड ४० हा २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा. वाय-फाय आणि ब्लूटूथचा पट्टा त्याला लागूनच, २४०० पासून सुरू होतो. दोघांचे अँटेना जेमतेम काही सेंटिमीटरवर. त्यामुळे वाय-फाय बोलायला लागलं की टॉवरकडून येणारा क्षीण सिग्नल फोनला नीट ऐकू येत नाही.

यावर मुख्य उपाय तीन : चांगले फिल्टर, दोघांना आळीपाळीने वेळ देणं किंवा वारंवारता बदलणं. थ्रीजीपीपीच्या रिलीज ११ पासून फोन आपली ही अडचण नेटवर्कला कळवू शकतो. मात्र फोनने ती कळवायला हवी आणि नेटवर्कनेही दखल घ्यायला हवी. कोणता फोन हे करतो, ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. मेगापिक्सेल ठळक छापणाऱ्या कंपन्यांनी हेही सांगायला हवं. तोवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ निवडा. जोडलेल्या लॅपटॉपला तो चालत असेल, तर फरक जाणवू शकतो.