मोझाइक लहान केलं की मिनिएचर होतं?

"मिनिएचर मोझाइक म्हणजे काय, तर लहान मोझाइक!" हे उत्तर इतक्यांदा ऐकलंय की शेवटी आज लिहायला बसलोच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तर ते चटकन पटतं. पिक्सेल बारीक केला, रेझोल्यूशन वाढलं, विषय संपला! पण मंडळी, इतकं सोपं नाहीये ते.

(घरातली मोझाइकची फरशी इथे धरू नका. ती सिमेंटात संगमरवराची खडी घालून घासलेली लादी. नावापुरतंच मोझाइक.)

राव्हेन्नाचं सहाव्या शतकातलं सान व्हिताले चर्च घ्या. भिंतीवरचे काचेचे तुकडे थोडे तिरके बसवलेत, त्यामुळे उजेड हलला की भिंत लुकलुकते. मधल्या फटी दिसतात, दिसायलाच हव्यात. चित्र जुळवायचं काम लांब उभ्या माणसाचे डोळे करतात.

आता अठराव्या शतकातल्या रोममध्ये या. सेंट पीटर्समधली चित्रं ओलीने खराब होत, म्हणून त्यांच्या जागी मोझाइकमधल्या प्रती बसवल्या गेल्या. पुढे कारागीर लहान कामांकडे वळले. काच वितळवून बारीक धागे ओढायचे, त्यांचे तुकडे चिमट्याने लुकणात रोवायचे, फटींत रंगीत मेण भरायचं आणि वरून घासून सपाट करायचं. उत्तम कामात चौरस इंचाला हजाराहून जास्त तुकडे! जाकोमो राफाएल्लीने १७७५ मध्ये अशा कामांचं प्रदर्शन भरवलं. मग रोम बघायला येणारे श्रीमंत प्रवासी आठवण म्हणून डब्या नि ब्रोच घरी नेऊ लागले.

म्हणजे एकाने फट वापरली, दुसऱ्याने लपवली. खरा फरक हा. आकाराचाच असता, तर चौदाव्या शतकातल्या बायझंटाईन कारागिरांचं काय करायचं? लाकडी फळीवर मेणात मिलिमीटरभराचे कण बसवून त्यांनी लहानशी पूजाचित्रं केली. पण त्यातले सोनेरी कण लखलखतात. रंगचित्राचं सोंग ती आणत नाहीत.

म्हणून रोमन डबी बघून "अय्या, अगदी पेंटिंग वाटतं!" म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. पेंटिंगच हवं होतं, तर कुंचला काय वाईट होता? कारागिराच्या हाताला सलाम, त्याबद्दल वादच नाही. पण तुकडे दिसू नयेत म्हणून हजारो तुकडे लावायचे, आणि आपण नेमकं त्याचंच कौतुक करायचं? सेंट पीटर्सला निदान ओलीचं कारण होतं. खिशातल्या डबीला कुठली आलीये ओल?

असो. पटत नसेल तर जरूर भांडा :)