उभं राहून दुखतं, आडवं करून तपासतात

सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टर उमेदवाराला उभं करतात, खोकायला लावतात आणि अंडकोशाच्या वरच्या शिरा फुगतात का ते बघतात. या फुगवट्याला व्हेरिकोसील म्हणतात. शंभरातल्या साधारण पंधरा पुरुषांना तो असतो आणि बहुतेक वेळा डाव्या बाजूला. भरती अडू नये म्हणून गावाकडची पोरं आधीच त्याचं ऑपरेशन उरकून घेतात. 'हे सगळं तुझ्या मनाचं आहे' असं त्यांना कुणी सांगत नाही.

तीच शीर बाईच्याही शरीरात असते. बीजांडकोशाकडून निघून ती पोटात वर चढते. उजवी शीर थेट शरीराच्या मुख्य शिरेला मिळते. डावी मात्र काटकोनात डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जाऊन मिळते, म्हणून बिघाड डावीकडे जास्त. रक्त वर चढावं, परत खाली घसरू नये यासाठी आत झडपा असतात. गरोदरपणात या शिरांमधला प्रवाह कित्येक पटींनी वाढतो, संप्रेरकांमुळे त्या सैलावतात, आणि दोन-तीन बाळंतपणांनंतर काही बायकांच्या झडपा नीट मिटत नाहीत. मग रक्त उलटं खाली येतं आणि गर्भाशयाच्या आजूबाजूला साचून राहतं. पायांवरच्या निळ्या, वेटोळ्या व्हेरिकोज व्हेन्स कुणालाही दिसतात. या ओटीपोटात असतात, म्हणून दिसत नाहीत.

दिसत नाहीत, पण दुखतात. सकाळी उठल्यावर बरं असतं. दिवसभर ओट्याशी, दुकानात, वर्गात किंवा शेतात उभं राहिलं की संध्याकाळी ओटीपोट जड होतं, खाली काहीतरी ओढल्यासारखं वाटतं. पाळी जवळ आली की वाढतं. शरीरसंबंधानंतर तासन् तास ठणकत राहतं, आणि हे तर बाई डॉक्टरलाही सांगत नाही. आडवं पडलं की उतरतं. काहींच्या मांडीच्या आतल्या बाजूला किंवा योनीमार्गाच्या बाहेर शिरा फुगलेल्या असतात. सहा महिन्यांहून जास्त काळ हे असंच चाललं असेल, तर शिरांची शंका घ्यायला हवी.

प्रत्यक्षात होतं काय? बाई सोनोग्राफीला जाते. तिथे तिला टेबलावर आडवं करतात आणि साचलेलं रक्त निघून जातं. रिपोर्ट येतो 'नॉर्मल'. दुखणं थांबत नाही म्हणून पुढे दुर्बिणीतून तपासणी होते. त्या वेळी पोटात वायू भरलेला असतो, टेबल डोक्याकडून खाली झुकवलेलं असतं, म्हणजे शिरा रिकाम्या व्हायला याहून सोयीची अवस्था नाही. तिथेही काही सापडत नाही. दोन 'नॉर्मल' रिपोर्ट हातात आले की घरचे एकमेकांकडे बघतात आणि तिसरी चिठ्ठी झोपेच्या गोळीची असते.

मनाचा हा धागा डॉक्टरांनीच ओवलेला आहे. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड टेलर यांनी 1949 मध्ये ओटीपोटातल्या साचलेल्या रक्ताबद्दल सविस्तर लिहिलं, ते महत्त्वाचंच होतं. पण त्याचं मूळ त्यांनी भावनिक ताणाकडे नेलं. पुढे 1984 मध्ये लंडनच्या रिचर्ड बिअर्ड आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं, की दुर्बिणीतून काहीही न सापडलेल्या अशा बायकांपैकी बहुतेकींच्या शिरा फुगलेल्या होत्या आणि त्यांतून रक्त हळू सरकत होतं. म्हणजे शरीरात काहीतरी होतं. पस्तीस वर्षं ते मनाच्या खात्यावर टाकलं गेलं.

उपचाराची पद्धत 1993 पासून वैद्यकीय साहित्यात आहे. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत, बारीक नळीने आतल्या आत दुरुस्ती करणारे डॉक्टर. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेला सुई टोचायची, त्यातून नळी सरकवत बिघडलेल्या शिरेपर्यंत न्यायची, औषध सोडून रक्त उलटं वाहतंय याची खात्री करायची. मग शीर आतून बंद करायची: प्लॅटिनमसारख्या धातूच्या बारीक कॉइल आणि शिरेच्या भिंती चिकटवणारा फेस वापरून. जागेपुरती भूल पुरते, टाके पडत नाहीत, बाई त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाते. काही दिवस पोट दुखतं, थोडी कणकण येते. रक्त शेजारच्या धडधाकट शिरांमधून वाट काढतं. गर्भाशय आणि बीजांडकोश जागच्या जागी राहतात.

इथवर वाचून कुणी उद्याच कॉइल बसवायला निघणार असेल, तर जरा थांबावं. एक म्हणजे फुगलेल्या शिरा काहीही न दुखणाऱ्या बायकांमध्येही सापडतात. नुसत्या फोटोवर इलाज करायचा नसतो. एंडोमेट्रिओसिस, जंतुसंसर्ग, मूत्राशय, आतडी, कंबरेचे स्नायू, सगळं आधी तपासावं लागतं. दुसरं, कधी कधी दोष वरच्या बाजूला असतो: मूत्रपिंडाची डावी शीर दोन धमन्यांच्या मध्ये चिमटली जाते आणि बीजांडकोशाची शीर हीच रक्ताची पळवाट झालेली असते. ती पळवाट घाईने बुजवली तर त्रास वाढू शकतो. तिसरं, पुरावा अजून तुटपुंजा आहे. बहुतेक अभ्यास म्हणजे उपचार केलेल्या बायकांच्या नोंदी. 2003 मध्ये कोरियात 106 बायकांवर झालेल्या तुलनेत गर्भाशय काढण्यापेक्षा शीर बंद करण्याचा गुण अधिक आला, पण अशा तुलना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. क्वचित कॉइल सरकते, काहींचं दुखणं परत येतं. संप्रेरकांच्या गोळ्यांनीही आराम पडतो, मात्र गोळ्या थांबल्या की दुखणं बहुधा परत येतं.

इतकं असूनही मी या उपचाराच्या बाजूने आहे, कारण आपल्याकडे त्याची स्पर्धा 'काहीच न करणं' याच्याशी नाही. ती 'पिशवी काढून टाका'शी आहे. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये ऊसतोड कामगार बायकांचं सर्वेक्षण झालं. 82,309 जणींपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहाजणींमागे एक. या सगळ्यांचं दुखणं शिरांचं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. तिथे आगाऊ घेतलेली उचल होती, पाळीमुळे बुडणारी मजुरी होती, कॅन्सरची भीती घालणारे दवाखाने होते. पण लवकर झालेली बाळंतपणं, दिवसभर उभ्याने काम, डोक्यावर मोळी आणि ओटीपोटात सततची कळ, हे वर्णन ऐकून शिरा बघाव्यात असं किती ठिकाणी कुणाला सुचलं असेल? मुंबई-पुण्यात हे करणारे डॉक्टर आहेत. तालुक्याच्या गावी पिशवी काढणारा भेटतो.

अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. त्यांत देखरेख समित्याही आहेत. माझी मागणी छोटी आहे. शस्त्रक्रियेच्या कारणात नुसतं 'ओटीपोटात दुखणे' लिहिलेलं असेल, तर समितीने डॉक्टरला एक प्रश्न लेखी विचारावा: उभं करून, जोर करायला लावून डॉपलर, म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, केली होती का? डॉपलरचं यंत्र आता जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. लागतील ती जास्तीची दहा मिनिटं आणि हे बघायची सवय. आणि वाचणाऱ्या बाईनेही सोनोग्राफीच्या टेबलावर चढण्याआधी आपल्याला कधी दुखतं आणि कधी थांबतं, एवढं नक्की सांगावं, विचारलं नाही तरी.